कुणाचा डाग

बैल ताकदीनं पाडत नाहीत. ताकदीत तो कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. फास मागच्या पायांत गेला पाहिजे, मान एका अंगाला वळली पाहिजे आणि त्यानं पाय उचलला रे उचलला की ओढ बसली पाहिजे. मग ते एवढं मोठं धूड कसं अलगद आडवं होतं! धाकटीला हे लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच हंगामात शिकावं लागलं. शिकवणारा नवरा, आणि चुकलं की पाठीत चामड्याची वादी. त्यामुळे लवकर शिकली.

तिला धाकटी म्हणायचे कारण तिच्याआधी थोरली होती. थोरली मेली आणि मागे एक पोर ठेवून गेली, भट्टीतून उडावी तशी चपळ, म्हणून तिचं नाव ठिणगी. नवऱ्याला सगळा मुलूख नालबंद म्हणून ओळखायचा. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या, खेचरांना नाल मारायचे आणि गुरांवर मालकाचा डाग द्यायचा, हा त्याचा धंदा. छपराच्या आतल्या भिंतीला लांब दांड्यांच्या डागण्या ओळीनं टांगलेल्या असत. ज्याची त्याची खूण वेगळी, कुणाची फुली, कुणाचं चाक, कुणाची कोयती. शेवटच्या खिळ्याला नालाच्या आकाराची एक डागणी होती, ती घरची. घरच्या खेचराच्या मागच्या पुठ्ठ्यावर तीच उमटलेली.

डोंगरावरून लाकूड उतरवायचा हंगाम तोंडावर आला होता. पाऊस दोन वर्षं धड नव्हता, रस्ता नुसता दगडांचा झालेला, आणि बिनपत्रीचा बैल त्यावर घालणं म्हणजे त्याचे खूर कुऱ्हाडीनं तोडण्यासारखंच. गाड्यांची रांग पार विहिरीपर्यंत गेलेली. नालबंद पहाटेपासून खाली बसलेला, अंगातून घामाच्या धारा, आणि तोंडात खिळे धरलेले असल्यामुळे शिव्या नुसत्या नाकातून येत होत्या.

"दाब की मान! मेलीस का?"

धाकटी बैलाच्या मानेवर गुडघा रोवून बसली होती. खालचा डोळा धुळीत, वरचा डोळा तिच्याकडे. एरवी फास ओढायचं काम ठिणगीचं, पण तिला आजीच्या गुडघ्यांच्या गोळ्या आणायला आरोग्यकेंद्रात धाडलं होतं. म्हणून आज फास एका गाडीवानानं ओढला होता. त्याची मान जन्माची कलती, त्याला सगळे वाकडमान्या म्हणायचे. तोंडही सरळ कधी चालायचं नाही.

तेवढ्यात ठिणगी आली. पोरीचा आवाजच तसा, ऐरणीच्या वरताण बोलायची सवय. विहिरीपासूनच ओरडली, "आई, नर्सबाईचा निरोप आहे! तुझ्यात डाग आहे ना, तो डागायचं मशीन येतंय. बाजारच्या दिवशी ये म्हणाली, डागून घ्यायला!"

मग वाकडमान्या म्हणाला, "अरेच्चा! नालबंदा, अख्ख्या मुलखाची गुरं डागलीस आणि घरचं तेवढं राहिलं होतं की काय?"

"राहिलं कुठे? डाग आहे म्हणतेय पोर," दुसरा गाडीवान म्हणाला.

"आहे ना? मग कुणाचा आहे तेवढं विचारून घे रे बाबा!"

रांगेच्या रांग हसली. अशी हसली की बैलसुद्धा कान हलवायला लागले. नालबंद हसला नाही. त्यानं हातातला खिळा ठोकला आणि तो ठोकतानाच धाकटीला कळलं की गेला, आतल्या जिवंत मांसात गेला. बैलानं जो हिसडा दिला! बांधलेले चारही पाय एकदम उसळले, नालबंदाच्या छातीत बसले आणि तो मागच्या मागे कोळशाच्या ढिगावर जाऊन पडला. उठला तो हातोडा घेऊनच. बांधलेल्या जनावराच्या शिंगाच्या मुळावर त्यानं दोनदा मारलं. शिंग हललं, कानामागून रक्त आलं, धाकटीच्या हातावर गरम गरम सांडलं.

"अरे माझा बैल!" वाकडमान्या बोंबलला. आता हसू कुठल्या कुठे.

खिळा उपसला, जखमेत गरम तेल सोडलं, दोर सोडायची वेळ आली. सोडताना सगळ्यात जपायचं असतं. बांधलेला बैल काही करत नाही, जो शेवटची गाठ सोडतो त्यालाच तो शिंगावर घेतो. धाकटीनं गाठ सोडली आणि उडी मारून बाजूला झाली. बैल उठला, थरथरला, आणि तिच्याकडे न बघता लंगडत निघून गेला. तिला वाटलं, चला, वाचले. कसलं काय.

*

कोळशाची खोली घराच्या मागे होती. नालबंदानं तिला केसांना धरून तिथे नेलं, दाराला आतून अडसर घातला आणि खुंटीवरची वादी काढली.

"कुणाचा डाग?"

"अहो, ऐका तरी. रोगाचा डाग आहे. नर्सबाईनं आत औषध लावून बघितलं..."

"आत? कुठे आत?"

तिनं सांगितलं. वादी पाठीवर बसली, मग खांद्यावर, मग तिनं तोंड झाकलं तेव्हा बोटांवर.

"काही दुखतंय तुला? खुपतंय? अंगावर जातंय?"

"नाही."

"मग कशाला गेलीस दाखवायला? रोग नाही तर डाग आला कुठून?"

बिचारी धाकटी! तिला वाटलं सगळं खरं सांगितलं तर मार थांबेल. "नर्सबाई म्हणाली, तो बाईला आपोआप होत नाही. पुरुषाकडून येतो."

आता असं बोलल्यावर काय होणार? त्यानं वादी टाकून दिली आणि हातपाय वापरले. तिचं डोकं भिंतीवर आपटलं, दात ओठात रुतला, कोळशाची भुकटी नाकातोंडात गेली. मारताना तो एकच विचारत होता, "कुणाचा? वाकडमान्याचा? आरोग्यकेंद्रातल्या त्या गोळ्या वाटणाऱ्याचा? कुणाचा डाग आहे, नाव सांग!" तिच्याजवळ नाव असतं तर तिनं दिलं असतं. पण तिच्या उभ्या आयुष्यात पुरुष एकच, आणि तो समोर उभा राहून धापा टाकत होता.

बाहेरून गाडीवानांनी हाका मारल्या, "नालबंदा, उन्हं चढली!" तेव्हा तो थांबला. जाताना म्हणाला, "बाजारच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकलंस ना, तर डागणी माझ्याकडेपण आहे. मी डागतो. एकदाच, कायमचा."

धाकटी तशीच कोळशांवर बसून राहिली. दारामागे कुणीतरी नाक ओढत होतं.

"मी चुकले का गं आई?" ठिणगी म्हणाली. "नर्सबाई बोलली तसंच सांगितलं मी."

"नाही चुकलीस. पाणी आण."

पोरीनं पाणी आणलं. ओठावरचं रक्त पुसताना ती इतकी हळू बोलली की धाकटीला वाटलं, हिला हळू बोलता येतं हे आजच कळलं.

"माझ्या आईला बाबांनी इथेच विचारलं होतं. हेच. हा रोग कुणाचा म्हणून. भिंतीवरची शेवटची डागणी तापवून आणली होती."

"तू केवढीशी होतीस. तुला काय आठवतंय?"

"मांडीवर दिली. आजीनं पाय धरले होते."

थोरली रक्त जाऊन जाऊन मेली एवढंच धाकटीला लग्नाआधी सांगितलं होतं. बाकीचं कुणी बोललं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी पाणी आणायच्या निमित्तानं ती घागर घेऊन निघाली आणि विहिरीवरून तशीच पुढे आरोग्यकेंद्रात गेली. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पडदा आणि एक टेबल, ज्याचा एक पाय विटेवर होता. नर्सबाई उंच, हाडकुळी, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. पण धाकटीचं तोंड पाहिलं आणि एकच विचारलं.

"माझ्या निरोपानं झालं हे?"

"तुम्ही डाग म्हणालात. आमच्या घरात डाग म्हटलं की मालकाचं नाव विचारतात."

"जीभ झडली पाहिजे माझी," नर्सबाई म्हणाली. कापूस भिजवून तिनं ओठ पुसला, बोटं उघडमीट करायला लावली, फासळ्या दाबून पाहिल्या. दाबताना धाकटी कळवळली. "तुझ्या नवऱ्याची वर्दी देते. देऊ?"

"वर्दी दिली तर चौकीवाला येईल, चहा पिईल आणि जाईल. मग मी एकटी राहीन. ते नको. मला फक्त एक सांगा, मी मरणार का?"

नर्सबाई स्टूल ओढून समोर बसली. "नाही. नीट ऐक. याला एचपीव्ही म्हणतात. विषाणू आहे, अंगाला अंग लागून येतो. बायका, पुरुष, जवळजवळ सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होतो. बहुतेकांचा आपोआप जातोही. एखादीचा जात नाही, गर्भपिशवीच्या तोंडाशी ठाण मांडून बसतो. आम्ही तिथे व्हिनेगर लावतो. बिघडलेली जागा पांढरी दिसते, तुझी दिसली. कॅन्सर नाही. पण तशीच ठेवली तर पुढे काही वर्षांनी होऊ शकतो. आत्ता भाजून टाकली तर बहुतेक तिथेच संपतं. घटकाभराचं काम आहे. मशीन बाजारच्या दिवशी सकाळी येईल, संध्याकाळपर्यंत इथे, मग डोंगरापलीकडे. परत कधी येईल ते मलाही सांगत नाहीत."

"कुणाकडून आला ते कळतं?"

"कुठल्याही तपासणीत कळत नाही. वर्षानुवर्षं मुका बसून राहतो. नवऱ्याला असेल, त्याला स्वतःलाही पत्ता नसेल."

"त्यांची आधीची बायको रक्त जाऊन मेली."

नर्सबाईनं मान हलवली. "मी तेव्हा इथे नव्हते. बघितल्याशिवाय कसं सांगू? पण तसं असू शकतं." मग ती उठली, खिडकी लावून घेतली. "आणि ती पोर, घसा फाडून बोलते ती. तिला घेऊन ये. लस आहे. कुठलाही पुरुष जवळ यायच्या आधी द्यायची, म्हणजे हा विषाणू आत शिरायच्या आधी. किती देशांत शाळेतच टोचतात पोरींना, आणि तिथे हा रोग आता कमी कमी होत चाललाय. इथे मी बायकांना अंगणात उभी राहून हाका मारते, तर सासवा दार लावून घेतात."

"ती माझी पोर नाही. थोरलीची आहे."

"म्हणून?"

"म्हणून काही नाही," धाकटी म्हणाली. "आणते तिला."

घागर भरून घरी आली तर नालबंद दारातच उभा. त्यानं घागर हातातून घेतली, शांतपणे, आणि तिच्या डोक्यावर उपडी केली. गाडीवान बघत होते. "एवढा वेळ लागतो पाण्याला? जा, परत भरून आण," तो म्हणाला. ती गेली. कपडे अंगाला चिकटलेले, रांगेतून जाताना कुणीतरी शीळ घातली. तिच्या अंगाची नुसती लाही लाही झाली, पण पाय ओढत गेली आणि भरून आणलं.

*

बाजाराच्या आदल्या दिवशी म्हातारीनं तिला पाठ उघडी करायला सांगितलं. म्हातारी म्हणजे सासू. जिभेला हाड नव्हतं आणि तोंडात दात नव्हते. सून घरात आल्यापासून तिनं सरळ हाक अशी कधी मारलीच नव्हती. मीठ तापवून फडक्यात बांधलं होतं, ते ती धाकटीच्या वळांवर दाबत होती. मायेनं म्हणाल तर तसंही नाही, उद्या काम अडायला नको म्हणून.

"घराण्याला काळिमा फासलास," म्हातारी म्हणाली. "रांगेत उभं राहून हसतात माणसं."

"हो आत्याबाई."

"पुढे सरक. इथे दुखतं का? दुखू दे." मीठ दुसऱ्या वळावर आलं. तिनं फडकं पुन्हा आवळून बांधलं. मग विचारलं, "वास येतो का?"

"कसला?"

"खालून. सडल्यासारखा."

"नाही. काहीच नाही होत मला. नर्सबाई म्हणाली, काही व्हायच्या आतच जाळायचं असतं."

म्हातारीचा हात थांबला. "थोरलीला यायचा. शेवटी शेवटी तिला कोळशाच्या खोलीत ठेवली, तरी घरात बसून घास गिळवत नव्हता. मी धूर करायची. कपडे मीच धुतले, दुसरं कोण धुणार? विहिरीवर बायका मला बाजूला बस म्हणायच्या."

"तिनं कधी नाव घेतलं का कुणाचं?"

"कसलं नाव? ती पोर छपराबाहेर कधी गेली होती? भात्यापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून भात्यापर्यंत." म्हातारीनं मिठाची पुरचुंडी जोरात दाबली, धाकटी ओरडली. "हा जातो हंगाम संपला की नाल ठोकत गावोगाव. महिना महिना. तिकडे काय करतो ते मी विचारलं नाही. आई आहे मी त्याची. तुला कळणार नाही."

"उद्या मी जाणार आहे आत्याबाई. ठिणगीला घेऊन."

म्हातारी उठली. गुडघे कडकडले. "तो जाऊ देणार नाही," ती म्हणाली आणि थंड झालेलं मीठ घेऊन आत निघून गेली. होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

*

बाजारच्या दिवशी गाड्या उशिरा येतात. सकाळी छप्पर रिकामं होतं. धाकटीनं रोजच्यासारखं अंगण झाडलं, भट्टी पेटवली, पाडायचा दोर सोडून त्याचा फास भट्टीसमोर जमिनीवर पसरून ठेवला. मग हातपाय धुतले, ठिणगीच्या केसांना तेल लावलं आणि तिला म्हणाली, "चल."

नालबंद भट्टीपाशी उभा होता. भात्याचा दांडा स्वतःच ओढत होता. कोळशात नालाच्या आकाराची डागणी खुपसलेली.

"कुठे?"

"नर्सबाईकडे."

"डागून घ्यायचंय ना?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच धाकटीनं ठिणगीला मागे ओढलं. "मग परक्याकडे कशाला? घरात डागणी आहे, भट्टी आहे, डागणारा आहे. लोकांनी विचारलं कुणाचा डाग, तर दाखवता येईल." त्यानं मान वळवून हाक मारली, "आई! ए आई! बाहेर ये!"

म्हातारी दारात आली.

"हिचे पाय धर."

ठिणगी किंचाळली. नालबंदानं तिला एका हातानं ढकललं, ती भिंतीवर जाऊन आदळली आणि डागण्या खणखणल्या. धाकटी पळाली असती. दार मोकळं होतं, रस्ता मोकळा होता. पण पोर आत होती. नालबंदानं कोळशातून डागणी उपसली. पार लाल, टोकाला पिवळी. आणि तो तिच्याकडे यायला वळला. वळताना त्याचा पाय फासात पडला, मग दुसरा.

हे धाकटीनं पाहिलं आणि ठिणगीनंही पाहिलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. सांगायला काय उरलं होतं? रोजचंच काम. त्यानं पुढचं पाऊल उचललं आणि पोरीनं दोर ओढला, अंगातलं सगळं बळ लावून, खांबाला पाय टेकवून. त्याच क्षणाला धाकटीनं त्याची मान दोन्ही हातांनी धरून बाजूला मुरगळली. ते एवढं धिप्पाड माणूस आडवं झालं. डागणी हातातून उडाली, झाडून लावलेल्या पालापाचोळ्यावर पडली, धूर निघाला.

धाकटी त्याच्या मानेवर गुडघा रोवून बसली होती. तिचं तिलाच कळलं नाही कधी बसली. तो गुरगुरला, हातानं तिचा चेहरा ओरबाडला, डोळ्याखाली नख रुतलं. तिनं तो हात पाठीमागे वळवला, कट् असा आवाज झाला आणि तो बोंबलला. पाय मात्र आवरत नव्हते. फास गुडघ्यापर्यंत सरकला होता, एका लाथेत ठिणगी कोलमडली, दोर हातातून सुटायला आला.

"आई!" नालबंद धुळीत तोंड घालून ओरडला. "आई, धर! पाय धर म्हटलं ना!"

म्हातारी आली. कडकडत्या गुडघ्यांनी आली, खाली बसली आणि तिनं पाय धरले. त्याचे. घोट्यांवर अंग टाकून, दोन्ही हातांनी, जशी ती गुडघे धड असताना बैलांचे धरायची तशी.

"बांध गं पोरी," ती नातीला म्हणाली. "दोन वेढे, मग गाठ. हातपण घे."

नालबंदाला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो शिवीचा नव्हता.

धाकटीनं वाकून डागणी उचलली. अजून लाल होती. तिनं ती त्याच्या गालाजवळ आणली. इतकी जवळ की दाढीचे केस आखडले आणि जळल्याचा वास सुटला. इतकी वर्षं गिळलेला राग एकदम वर आला होता आणि लोखंड टेकवायची तिला खरंच इच्छा झाली होती.

"थोरलीवर कुणाचा डाग होता?" तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे करत होती. "बोल. मांडीवर कुणाचा होता? तू दिलेला. आणि आत कुणाचा होता? ती तर छपराबाहेर गेली नव्हती रे. माझ्यात कुणाचा आहे? नाव पाहिजे होतं ना तुला? घे नाव."

"धाकटे, लोखंड बाजूला कर..."

"नाव!"

"माझा," तो म्हणाला. धुळीत त्याचा श्वास फुरफुरला. "माझा, माझा. कर बाजूला."

ठिणगी दोर धरून उभी होती. तिनं ऐकलं. म्हातारीनंही ऐकलं, पण मान वर केली नाही. धाकटी उठली आणि डागणी पाण्याच्या हौदात बुडवली. चर्र झालं, वाफ उठली.

"आत्याबाई, जास्त वेळ आडवं ठेवू नका. छाती भरते."

"मला शिकवू नकोस," म्हातारी म्हणाली. "कळतं मला कधी सोडायचं ते. जा तुम्ही. मशीन जाईल."

*

टेबलाचा तो एक पाय अजून विटेवरच होता. धाकटी वरच्या छताकडे बघत पडली. डोळ्याखालून रक्त येत होतं, ते नर्सबाईनं आधी पुसलं आणि काही विचारलं नाही. मग मशीनची बारीक सळई हातात घेतली.

"गरम लागेल. कळ आली तर सांग."

"लाल होते का हो ती?"

"नाही गं. बघून कळायचंपण नाही."

आत एक कळ आली, पाळीच्या वेळी येते तशी, थोडी जास्त. धाकटीनं दात आवळले आणि फाटलेला ओठ परत उसवला. तेवढ्यात झालंसुद्धा. एवढ्यासाठी! तिला हसावं की रडावं कळेना, शेवटी रडली.

"महिनाभर नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही," नर्सबाई म्हणाली. "जमेल का? नाहीतर मागच्या खोलीत राहा इथेच. खाट आहे. ही तपासणी पुढच्या वर्षी पुन्हा करायची, विसरायचं नाही. घरी काय म्हणाला तो?"

"काही नाही. पडून आहेत."

पडद्यापलीकडे ठिणगी बाही वर करून बसली होती. सुई टोचताना तिनं डोळे मिटले नाहीत. दुसरी सुई सहा महिन्यांनी, नर्सबाईनं तिला तिच्याच आवाजात मोठ्यानं बजावलं.

परत येताना दोघी विहिरीपाशी थांबल्या. छपरातून हातोड्याचा आवाज येत होता. ठण्, ठण्. मधेच चुकत होता, एका हातानं मारल्यासारखा. म्हणजे सुटला होता. धाकटीला नर्सबाईच्या खाटेची आठवण झाली. तिनं पोरीचा हात घट्ट धरला. पण म्हातारी तिकडे एकटी होती. धाकटी पुढे निघाली.

म्हातारी बाहेर दगडावर बसली होती. तोंड सुजलेलं, हनुवटीवर वाळलेलं रक्त.

"सोडला मी त्याला," ती म्हणाली. "एक बसली. एकच. दुसरा हात उचलला, तर म्हटलं मार, उद्यापासून तुझं कोण धुतंय ते बघ. मग बसला जाऊन ऐरणीपाशी. तुझं झालं का?"

"झालं."

"नीट जळलं?"

"हो आत्याबाई."

म्हातारीनं नातीची बाही वर सरकवली. दंडावर रक्ताचा एक ठिपका सुकला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हा कुणाचा गं डाग?"

"माझा," ठिणगी म्हणाली. तेही ऐरणीच्या वरताण. छपरातला हातोडा थांबला.

"भाता कोण ओढणार?" आतून नालबंद ओरडला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

धाकटी आत गेली. भट्टीसमोर दोर तसाच पडला होता, दोन ठिकाणी गाठी, धुळीनं माखलेला. तिनं गाठी सोडवल्या, दोर झटकला आणि वेटोळं केलं. रोज तो छपरातल्या खुंटीला टांगायचा असतो. तिनं तो तिथे टांगला नाही. घरात नेला, म्हातारीच्या खोलीत आपली आणि ठिणगीची अंथरुणं टाकली आणि दोर उशाशी ठेवला. मग बाहेर येऊन भात्याचा दांडा धरला.

नालबंदानं म्हातारीच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, उशाशी ठेवलेला दोर त्याला तिथून दिसत होता. मग त्यानं सुजलेला हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं खिळा उचलला.